खुर्च्यांवरचे राघू

माझ्या काकांचं अमडापुरात बिछायत केंद्र आहे. लग्न असो, तेरवी असो, सप्ताह असो की शाळेचं गॅदरिंग, मंडप, गाद्या, मोठाली पातेली आणि खुर्च्या काकांच्या गोदामातून जातात. मी लहान होते तेव्हा नुसत्या सतरंज्या जायच्या. आता माणसं खाली बसायला तयार नाहीत. त्यामुळे सतरंज्या कोपऱ्यात सरकल्या आणि प्लास्टिकच्या मरून खुर्च्यांनी गोदाम छतापर्यंत भरलं.

अडचण अशी, की आमच्या भागातल्या झाडून सगळ्या बिछायतवाल्यांच्या खुर्च्या मरूनच. मोठ्या लग्नात एकट्याच्या खुर्च्या पुरत नाहीत, दोघांतिघांकडून आणाव्या लागतात आणि लग्न उरकलं की त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून प्रत्येकाने खुर्चीच्या पाठीवर आपली खूण रंगवून घेतलेली. काकांची खूण राघू. हिरवं अंग, लाल चोच, गळ्याशी काळी रेघ. चिखलीच्या एका बिछायतवाल्यांची खूण छत्री. त्यांना आमच्या घरात सगळे ‘छत्रीवाले’च म्हणतात.

राघू काढायचं काम आमच्या गावच्या पेंटर चाचांकडे. चाचा साठीचे, सडसडीत, दाढीला मेंदी लावणारे. एके काळी बाजारातल्या प्रत्येक दुकानावर त्यांच्या हातची पाटी होती. फ्लेक्स आल्यावर पाट्या गेल्या, पण चाचा हळहळत बसणाऱ्यांतले नव्हते. ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाघ काढायला लागले, दवाखान्याच्या भिंतीवर मच्छर काढायला लागले, शाळांच्या भिंतींवर महाराष्ट्राचा नकाशा काढायला लागले. मच्छर तर असा काढत, की बायका पोरांना त्या भिंतीपासून लांब उभं करायच्या. आणि दर दिवाळीनंतर, लग्नसराई सुरू व्हायच्या आधी, ते आमच्या गोदामात येऊन राघू काढत.

मी तेव्हा पुण्याहून नुकतीच परत आले होते. तिथे काही वर्षं एका प्रयोगशाळेत संशोधन केलं होतं, पदवी हातात पडली होती, पण ज्या प्रकल्पावर मी काम करत होते तो संपला आणि पुढचा काही मिळाला नाही. चिखलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचं काम मिळालं. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारच्या एसटीने यायचं. मी दुःखी होते असं नाही. पण जे शिकले ते आता कपाटात ठेवून द्यायचं, अशी मनाची तयारी करून टाकली होती.

त्या वर्षी चिखलीजवळच्या एका लॉनवर आमच्या नात्यातलं लग्न होतं. खुर्च्या काकांच्या आणि छत्रीवाल्यांच्या, दोघांच्याही. सगळ्यांवर पांढरी कव्हरं आणि पाठीला सोनेरी फीत बांधलेली. लग्न छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हरं उतरवली आणि खाली पाहतो तर काय, निम्म्याहून जास्त खुर्च्यांवरच्या खुणा गळून गेलेल्या. कुठे नुसती चोच, कुठे एक पंख, कुठे काहीच नाही.

काकांनी एका खुर्चीवर हात ठेवला. “ही माही हाय.”

“कायच्यावरून?” छत्रीवाल्यांनी विचारलं.

“हे पाहा ना. राघूचं शेपूट.”

“शेपूट नाई हो थे. छत्रीची दांडी हाय.”

“हिरवी छत्री?”

“मंग? छत्री हिरवी राहत नाई का?”

दोघेही शहाणे, पोक्त गृहस्थ. पण त्या सकाळी दोघांनी एकेक वादाची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसून घेतलं. उठलो तर खुर्ची गेली, असा दोघांचा समज. काम करणारी माणसं बाजूला उभी राहून हसू दाबत होती. शेवटी नवरीचे वडील आले. मुलगी सासरी गेल्याचं दुःख बाजूला ठेवून ते हात जोडून म्हणाले, “तुमी बसूनच राहता तं चहा तरी सांगतो.” चहा झाला. वादाच्या खुर्च्या निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या आणि आपण फसलो अशा चेहऱ्याने दोघेही आपापल्या पिकअपमध्ये चढले.

परतताना मी काकांच्या शेजारी बसले होते. चिखली मागे पडेपर्यंत ते खुर्च्यांचाच हिशेब मांडत होते. मग म्हणाले, “काऊन वं बाई, तू पुण्यात इतके वर्स प्लास्टिकच शिकत होती ना?”

“प्लाझ्मा, काका. प्लाझ्मा.”

“तेच. मंग मले एक सांग. चाचाचा रंग भितीवर वर्सानुवर्स राह्यते. ट्रॉलीवर राह्यते. खुर्चीवरूनच काऊन गळते?”

याचं उत्तर मला येत होतं. फार चांगलं येत होतं. पुण्यात मी दुसरं केलंच काय होतं? पण पिकअपच्या खडखडाटात ते सांगणं काही जमेना, म्हणून म्हटलं, “घरी चला, दाखवते.”

घरी आल्यावर मी अंगणात एक खुर्ची उलटी टाकली आणि तिच्या पाठीवर बोटाने पाण्याचा थेंब सोडला. थेंब गोल राहिला, मोत्यासारखा. खुर्ची जरा तिरकी केली तर टुणकन घरंगळून गेला. काकू परसात अळूची पानं खुडत होती, ती पान घेऊनच पाहायला आली. “हे तं अळूवानी झालं,” ती म्हणाली.

“अगदी तसंच,” मी म्हटलं. “या प्लास्टिकला पाणी नको असतं, तसा रंगही नको असतो. भिंत रंग पिते, लोखंड रंगाला धरून ठेवतं. हे प्लास्टिक कुणालाच धरत नाही. रंग त्याच्यावर नुसता बसलेला असतो. वाळला, ऊन लागलं, एकात एक खुर्च्या घासल्या की निघाला.”

“अन् तुहा प्लाझ्मा काय करते?” काकांनी विचारलं.

मी सांगितलं, की वायूतून जोरकस वीज नेली की वायू पेटल्यासारखा उजळतो. ट्यूबलाइटच्या आत असतं तेच. फरक इतकाच, की ट्यूबमधली हवा काढून टाकावी लागते, आणि मी ज्यावर काम केलं तो प्लाझ्मा उघड्यावर, आपल्या रोजच्या हवेत चालतो. नळीतून उजेडाची बारीक जीभ बाहेर येते. ती प्लास्टिकवरून फिरवली, की प्लास्टिकच्या अगदी वरच्या थरात, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ थरात, हवेतला ऑक्सिजन जाऊन चिकटतो. खुर्ची आहे तशीच राहते, पण तिची कातडी बदलते. मग थेंब पसरतो आणि रंग धरतो.

काका ऐकून घेऊन म्हणाले, “मंग आण की थे.”

जणू मी बाजारातून कोथिंबीर आणायची होती.

मी पुण्याच्या माझ्या सरांना फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग घसा खाकरून म्हटलं, की सर, माझी जुनी नळी आणि वीज देणारी पेटी कपाटात पडून असेल तर काही दिवस मिळेल का? मला काकांच्या खुर्च्यांवर राघू टिकवायचे आहेत. सर इतके हसले, की त्यांना ठसका लागला. “घेऊन जा,” ते म्हणाले. “इथे तिच्यावर धूळच बसते आहे. फक्त विजेपासून जप, आणि काय होतं ते मला कळवत राहा.”

पुण्याहून येताना ती पेटी मी एसटीत मांडीवरच ठेवली. बुलढाण्याच्या बाजूचे कंडक्टर होते. त्यांनी पेटीकडे पाहून विचारलं, “काय हाय ताई याच्यात?”

“प्लाझ्मा बनवायचं यंत्र.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “जितं काही नाई ना? मंग तिकीट लागत नाई त्याले.”

आता वायू हवा होता. आर्गन. तो आपल्याकडे कुठे मिळणार, असं मला वाटत होतं, पण चिखलीत स्टीलचे जिने-रेलिंग बनवणाऱ्यांकडे आर्गन वेल्डिंग चालतं. त्यांनी एक छोटं सिलिंडर दिलं आणि विचारलं, “मॅडम, रेलिंग घरीच बनवून राह्यल्या का?”

“नाही हो. राघू.”

त्यांनी सिलिंडरचा कॉक आणखी एकदा घट्ट करून दिला.

गोदामाच्या एका बाजूला आम्ही जागा केली. काकांनी इलेक्ट्रिशियन बोलावून जमिनीत खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून चांगलं अर्थिंग करून घेतलं, कारण विजेच्या बाबतीत मी जराही सूट द्यायला तयार नव्हते. खाली रबराची चटई अंथरली. शटर पूर्ण वर ठेवलं. रविवारी सकाळी काका, काकू आणि चाचा समोर उभे राहिले आणि मी आर्गन सोडून बटण दाबलं.

काचेच्या नळीच्या टोकातून जांभळट उजेडाची करंगळीएवढी जीभ बाहेर आली. बारीक सूं असा आवाज. जरा वेळाने वीज कडाडून पाऊस पडून गेल्यावर येतो तसा वास.

“आग हाय का ही?” काकूने विचारलं.

“उजेड आहे. या नळीचा झोत फार तापत नाही.” पुण्यात आम्हा सगळ्यांना एक हौस असायची, ती मीही भागवून घेतली. झोतातून झर्रकन बोट फिरवलं. नुसतं गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं. काकू “माय वं!” म्हणून ओरडली आणि माझा हात ओढून उलटासुलटा पाहू लागली.

काका यंत्राभोवती फिरत होते. चाचा मात्र जागचे हलले नाहीत. ते त्या जिभेकडे डोळे बारीक करून पाहत राहिले. “रंग पाह्य,” ते हळूच म्हणाले. “जांभळा बी नाई, निळा बी नाई. असा रंग डब्यात भेटत नाई बेटा.”

मी त्या दिवशी खुर्च्यांची एक चळत पूर्ण केली. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर तळहाताएवढी जागा. झोत अंगणात सडा घालावा तसा एका बाजूने दुसऱ्या बाजूला, सावकाश, रेघेला रेघ लावून फिरवायचा. पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब बसकण मारल्यासारखा पसरला. काकूने अळूचं पान आणून शेजारी धरलं. पानावर मोती, खुर्चीवर ओल. काका टाळी वाजवून म्हणाले, “जमलं!”

चाचांना मात्र दुसऱ्या दिवशी सोनाळ्याला जायचं होतं, तिथल्या शाळेच्या भिंतीचं काम घेतलेलं. ते परत आले तेव्हा आठवडा उलटत आला होता. त्यांनी चळतीतली एकेक खुर्ची काढून त्यावर मन लावून राघू काढले. मी कॉलेजात होते. रंग पूर्ण वाळू दिला आणि पुढच्या रविवारी परीक्षा घ्यायची ठरली.

परीक्षा साधी असते. रंगावर पॅकिंगची चिकटपट्टी घट्ट दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. मी ओढली. राघू पट्टीला चिकटून आला. चोच, डोळा, शेपटी, सगळा, एकही पीस मागे न ठेवता. दुसरी खुर्ची घेतली. तिसरी घेतली. तेच.

पुण्यातला प्रकल्प संपला तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं. चाचांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, उजेडाकडे धरली आणि निरखून पाहत म्हणाले, “खुर्चीवर नाई राह्यला, पण टेपवर किती मस्त बसला, पाह्य!”

आधी काकू हसली, मग काका, मग मीही. हसणं थांबलं तेव्हा डोकं जरा चालू लागलं.

“चाचा,” मी विचारलं, “राघू काढायच्या आधी तुम्ही खुर्चीला काय काय करता? पहिल्यापासून सांगा.”

“काय करतो? नेहमीचंच. धूळ झटकतो. घासलेटचा बोळा मारतो. खांद्यावरच्या गमछ्यानं पुसतो. मंग राघू.”

“घासलेटचा बोळा!”

“मंग? बिना पुसल्या रंग लावू का? चाळीस वर्साची आदत हाय बेटा.”

मी लगेच एका नव्या खुर्चीवर झोत फिरवून थेंब टाकला. पसरला. मग त्याच जागी चाचांना नेहमीसारखा बोळा मारायला लावला आणि पुन्हा थेंब टाकला. परत मोती. रॉकेलचा पातळ तेलकटपणा माझ्या सगळ्या मेहनतीवर पांघरूण घालत होता. एक चोर सापडला. दुसरा चोर मला आठवायला हवा होता, कारण तो पुस्तकातच लिहिलेला असतो. ही बदललेली कातडी कायमची नसते. दिवस जातील तसं प्लास्टिक हळूहळू पहिल्यासारखं व्हायला लागतं. त्यात आमच्या खुर्च्या आठवडाभर एकीत एक घासत चळतीत उभ्या होत्या. प्रयोगशाळेत आम्ही झोत फिरवला की लगेच पुढचं काम करायचो, त्यामुळे तिथे हे कधी आडवं आलं नव्हतं.

“मंग सोपं हाय,” चाचा म्हणाले. “तू आधी, मी मागून. दोघं एकाच टायमाले बसू. घासलेट बंद. अन् गमछा घरी ठेवून येतो.”

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. खुर्ची आधी साबणाच्या पाण्याने धुवून वाळवायचं काम काकांकडे. मग ती माझ्याकडे. मी झोत फिरवून, हात न लावता, कडेने धरून चाचांकडे सरकवायची. चाचा लगेच हिरव्या रंगाचा एक फटकारा मारायचे, पोट आणि पाठ एकदमच. मग शेपूट, चोच आणि शेवटी डोळा. डोळा काढताना ते श्वास धरतात, हे मला तेव्हा कळलं. माझा हात आणि त्यांचा हात हळूहळू एका चालीत आले. त्यांचा डोळा पूर्ण व्हायचा आणि माझी पुढची खुर्ची पोचायची.

काम करताना चाचा विचारत राहायचे. त्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं. वीज नळीत जाते म्हणजे काय? आर्गनच काऊन, साधी हवा का नाही? मी सांगत गेले. आर्गन पेटायला सोपा असतो, हवा हट्टी असते. आतले इलेक्ट्रॉन धावून राह्यले ना चाचा, ते वाटेत जे भेटेल त्याले ठोकून राह्यले. जे तुटलं थे प्लास्टिकले जाऊन चिकटून राह्यलं...

मधेच माझ्याच लक्षात आलं, की मी वऱ्हाडीत बोलते आहे. पुण्यात पहिल्याच वर्षी एका चर्चेत मी उभी राहून “मले एक विचारायचं आहे” म्हणाले होते आणि मागच्या रांगेतले लोक फिसकन हसले होते. दुष्टपणाने नव्हे, त्यांना ते खरंच गमतीचं वाटलं होतं. पण त्यानंतर तिथे प्रत्येक वाक्य मी आधी मनात धुवून घ्यायची. प्लाझ्माबद्दल तर माझ्या भाषेत मी कधी बोललेच नव्हते, इंग्रजीत लिहायची आणि पुणेरीत सांगायची. आणि आता गोदामात, रबराच्या चटईवर उभी राहून, मी सगळं शास्त्र माझ्या आईच्या बोलीत सांगत होते आणि ते अडखळत नव्हतं. उलट सोपं वाटत होतं. ‘धावून राह्यले’ म्हटलं की ते इलेक्ट्रॉन खरोखर धावताना दिसत होते.

मी ते हसण्याचं चाचांना सांगितलं. ते ब्रश पुसत म्हणाले, “हासू दे बेटा. मी पह्यल्या बार औरंगाबादले बोर्ड रंगवाले गेलतो तं माह्या बोलन्यावर शेठ हासला. दुपारपर्यंत बोर्ड झाला. मंग थो बोर्डाकडे पाहे अन् मी काय बोलतो थे ऐके.”

वाळल्यानंतरच्या परीक्षेची गोष्ट सांगायलाच हवी. यावेळी मी पट्टीआधी ब्लेड काढलं. रंगावर ब्लेडने आडव्या-उभ्या बारीक रेघा पाडून जाळी करायची आणि मग तिच्यावर पट्टी लावून ओढायची, अशी कडक परीक्षा असते. चाचांनी ब्लेड पाहिलं.

“हे कायले?”

“राघूच्या पोटावर चौकड्या पाडायच्या आहेत.”

“तौबा तौबा. टेप लाव पाहिजे तितके. ब्लेड नको.”

“चाचा, त्याशिवाय खरं कळणार नाही.”

“मंग तू कर. मी पानी पिऊन येतो.” आणि ते खरंच बाहेर जाऊन, गोदामाकडे पाठ करून उभे राहिले.

मी चौकड्या पाडल्या, पट्टी दाबली, डोळे मिटले आणि ओढली. काकूच्या “माय!”नेच मला कळलं. पट्टी स्वच्छ होती. राघू जागेवर होता, पोटावर जाळी घेऊन, पण एकही चौकोन न सोडता. “चाचा, राह्यला!” मी ओरडले. चाचा आत आले. त्यांनी पट्टी पाहिली, राघू पाहिला, त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला. मग हिरवा रंग घेतला आणि त्या रेघा बुजवायला बसले. ती खुर्ची काकांनी आजतागायत कोणत्याही लग्नाला पाठवलेली नाही. ती दुकानात गल्ल्याशेजारी असते आणि तिच्यावर चाचाच बसतात.

लग्नसराईत पुन्हा एकदा काका आणि छत्रीवाले एकाच लग्नात आले. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. कव्हरं निघाली. राघूंचा थवाच्या थवा समोर, उन्हात लखलखत. छत्र्या मात्र बऱ्याचशा फाटल्या होत्या. छत्रीवाल्यांनी वाकून एका राघूला नख लावलं. मग खिशातून किल्ली काढून जरा खरवडून पाहिलं. काका शांतपणे पाहत होते. इतका सुखी चेहरा मी त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

“काय लावता हो याले?” छत्रीवाल्यांनी विचारलं.

“काई नाई लावत. माही पुतनी उजेड दाखवते.”

“कायचा उजेड?”

“प्लाझ्मा.” काकांनी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर उच्चारला.

आठवड्याभरात छत्रीवाले पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी हजर. त्यांच्याही खुर्च्यांना उजेड दाखवायचा होता. काका नुसता पेढा चघळत राहिले. धंद्यातला माणूस तो, आपली खुबी दुसऱ्याला का द्यायची? ते आतल्या खोलीत आले आणि काकूकडे पाहिलं.

“पाह्यता काय?” काकू म्हणाली. “त्याईची छत्री गळली की बिनखुणेची खुर्ची राह्यली. बिनखुणेची राह्यली की पुन्हा भांडन. आपला राघू टिकून काय उपेग? त्याईची छत्री बी टिकाले पाहिजे.”

काका बाहेर गेले आणि म्हणाले, “आना तुमच्या खुर्च्या.”

अशा रीतीने आमच्या रविवारांना छत्र्याही आल्या. माझ्या कॉलेजच्या तीन मुली ‘मॅडम, आम्ही येऊ का पाहायला’ करत एका रविवारी आल्या आणि मग येतच राहिल्या. त्यांनी थेंबांचे फोटो काढून, थेंब किती चपटा होतो ते मोजायला सुरुवात केली. कुठल्या दिवशी थेंब पुन्हा गोल व्हायला लागतो, सावलीत आणि उन्हात काय फरक पडतो, हे त्या आपसात भांडून ठरवतात. मला फार बोलावं लागत नाही.

सरांना मी सगळं कळवत होते. गेल्या हिवाळ्यात ते आणि मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी, लोणारचं सरोवर पाहायला आले आणि तिथून परतताना अमडापूरला उतरले. काकूने ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. सरांनी ठेच्याला आधी हलक्यात घेतलं आणि मग बराच वेळ ताक पीत राहिले. जेवण झाल्यावर सगळे गोदामात गेलो. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी सूत्रं हातात घेतली.

“सर, ऐसा है,” ते म्हणाले, “प्लास्टिक रंगाले हात देत नाई. हा उजेड फिरवला की त्याच्या अंगाले हात फुटतात. मंग रंग पकडून ठेवते. पन लवकर पकडाले लावा लागते. उशीर केला की हात आखडून घेते. अन् घासलेट बिलकुल नाई.”

सर माझ्याकडे वळून म्हणाले, “वर्गात सांगताना हे मी वापरणार आहे. त्यांना विचारून.”

“वापरा ना सर,” चाचा म्हणाले. “त्यात काय!”

मी पेटीचा विषय काढला. वर्ष उलटून गेलं होतं, ती परत करायलाच हवी होती. सर मुलींकडे पाहत होते. त्या तिघी एका थेंबावरून वाद घालत होत्या. “इथेच राहू दे,” ते म्हणाले. “मी तसं कागदावर करून घेतो. तुमच्या कॉलेजच्या नावाने.” मी उगाचच आर्गनचा कॉक घट्ट आहे का ते पाहायला गेले.

निघताना मॅडमनी चाचांना विचारलं, “आमच्या गाडीवर काही काढून द्याल? आठवण म्हणून.”

गाडीचा मागचा बंपर खालच्या बाजूला काळ्या, न रंगवलेल्या प्लास्टिकचा होता. चाचांनी तो हाताने चाचपला. “हे बी खुर्चीवानीच हाय. काय काढू मॅडम?”

“कालचं सरोवर काढता येईल?”

गाडी आम्ही मागे घेऊन गोदामाच्या तोंडाशी लावली. एका मुलीने बंपर धुतला, सरांनी स्वतः, रुमालाने नव्हे, कोरड्या कापसाने टिपला आणि मग म्हणाले, “दे, मी फिरवतो झोत. खूप वर्षांत हातात धरला नाही.” त्यांनी फिरवला. चाचांनी लगेच मागून ब्रश टेकवला. तळहाताएवढ्या जागेत हिरवट पाणी आलं, भोवती गोल कडा, कडेवर झाडी, झाडीत बोटाच्या टोकाएवढं देऊळ. पाण्यावर त्यांनी दोन ठिपके दिले आणि ती बदकं झाली. मॅडम खाली उकिडव्या बसून पाहत होत्या.

रंग वाळेपर्यंत पुन्हा चहा झाला. गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली तेव्हा चाचा ब्रश धूत उभे होते. गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी ब्रश झटकला आणि माझ्याकडे पाहिलं.

“आर्गन उरला हाय का बेटा? चाल मंग. छत्र्या राह्यल्या.”